पुनर्विवाह होईपर्यंत

राधाला सोडतीत मुलुंडचं घर लागलं, तेव्हा पेढे कुंडलिकने वाटले. घाटकोपरच्या डोंगरावरच्या त्या गल्लीत कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. राधाचा नवरा धोंडिराम भांडुपच्या कारखान्यात प्रेस मशीनखाली गेला, त्याला पाच-सहा वर्षं झाली होती. कुंडलिक त्याच मशीनवर दुसऱ्या पाळीला असायचा. धोंडिरामला टेम्पोत घालून हॉस्पिटलात नेलं ते त्याने, आणि पुढे कामगार विम्याच्या कचेरीत खेटे घालून राधाचं पेन्शन सुरू करून दिलं तेही त्यानेच. त्याची स्वतःची बायको पहिल्या बाळंतपणात गेली होती. येत्या वैशाख पौर्णिमेला विहारात चार माणसांच्या साक्षीने दोघांनी लग्न करायचं, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. राधाच्या मुलीला, मीरालाही. ती नऊ वर्षांची होती. "मग काकांना बाबा म्हणायचं का?" असं तिने एकदाच विचारलं होतं, आणि राधाने तिला भांडी विसळायला पाठवलं होतं.

घर तर हवंच होतं. मागच्या पावसाळ्यात डोंगराची दरड दोन घरं घेऊन खाली आली. त्यातल्या एका घरातली बाई राधाबरोबर रोज नळावर असायची. त्यानंतर पावसाचा जोर वाढला की राधा मीराला घेऊन बालवाडीच्या ओट्यावर जाऊन बसायची. तिथून आपल्या पत्र्याकडे बघत राहायची.

घर लागलं खरं, पण पैसे ठरलेल्या मुदतीत भरायचे होते. राधाचे मंगळसूत्राचे मणी आणि गावाकडून आईने दिलेले थोडे पैसे, एवढ्यात फक्त सुरुवातीची रक्कम भागली. बाकीचं कर्ज काढायचं. मुलुंडला ज्या औषध कंपनीत ती गोळ्यांचं पॅकिंग करायची, तिथल्या सुपरवायझरने जामीन राहायचं कबूल केलं. कर्ज देणाऱ्या कचेरीत मात्र तिच्याबरोबर कुंडलिक गेला. इस्त्रीचा शर्ट घालून.

साहेबाने तिचे कागद सावकाश चाळले. वयस्कर माणूस होता, बोलायला बरा होता.

"पगार सहाशे वीस. यात हप्ता बसत नाही, बाई."

"विम्याचं पेन्शन आहे ना साहेब. ते धरा. दर महिन्याला येतं."

"ते बघतोय." त्याने कुंडलिककडे मान वळवली. "हे कोण?"

"आमच्या ह्यांच्या कारखान्यातले. दीरासारखे आहेत."

"यांची नोकरी?"

"कारखान्याला टाळं आहे, दीड वर्ष झालं," कुंडलिक म्हणाला. "फिटिंगची कामं घेतो बाहेरची. मिळेल तशी."

"म्हणजे पगाराची चिठ्ठी नाही."

"नाही."

साहेबाने त्याच्यावरून नजर काढून घेतली ती सही होईपर्यंत पुन्हा त्याच्याकडे वळवली नाही. पेन्शनचा कागद त्याने जवळ धरून वाचला. "हे मिळणार कुठपर्यंत?"

"मी आहे तोवर."

"तसं नाही लिहिलेलं. हयातभर, किंवा पुनर्विवाह होईपर्यंत." त्याने कागद खाली ठेवला. "मला विचारावं लागतं, बाई. पंधरा वर्षांचं कर्ज आहे. तुमचं वय बत्तीस. पेन्शन बंद झालं तर हप्ता कुठून भरणार तुम्ही? लग्नाचा वगैरे काही विचार आहे का?"

राधाने कुंडलिककडे बघितलं नाही. तो शेजारच्याच खुर्चीत होता, तिच्या कोपराला त्याच्या बाहीचा काठ लागत होता. तिच्या डोळ्यांपुढे नळावरची ती बाई आली.

"नाही," ती म्हणाली.

"तसं लिहून द्याल?"

"देते."

कारकुनाने दोन ओळी टाइप केल्या. राधाने सही केली. कागद पुढे सरकवताना साहेब कुंडलिकला म्हणाला, "यांना आधार द्या हो. एकट्या बाईने घर घ्यायचं म्हणजे सोपं नाही." कुंडलिक "हो" म्हणाला.

बाहेर आल्यावर दोघं चहाच्या टपरीपाशी थांबली. कुंडलिकने दोन चहा सांगितले.

"दुसरं काय बोलणार होते मी?" राधा म्हणाली.

"मी काय म्हटलं का तुला?"

"कारखाना उघडला की तुमचा पगार दाखवू. मग ते पेन्शन गेलं तर जाऊ दे."

"हां," कुंडलिक म्हणाला. "उघडला की." मालकाने मशीनं विकायला काढली होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

वैशाख पौर्णिमा आली आणि गेली. त्याच महिन्यात राधा नव्या घरात गेली. चौथा मजला, एक खोली, स्वयंपाकाचा ओटा आणि कोपऱ्यात मोरी. कुंडलिकने मोरीला दार बसवलं, फळ्या ठोकल्या, बुद्धाच्या तसबिरीसाठी भिंतीत खुंटी मारली. मीरा त्याला खिळे देत होती. त्या पावसाळ्यात राधा पहिल्यांदा पाऊस पडत असताना निर्धास्त झोपली.

पण डोंगरावर जे कुणाच्या डोळ्यांत खुपलं नव्हतं, ते इथे जिन्यातच सुरू झालं. "ते कोण येतात गं तुमच्याकडे?" समोरच्या नलिनीने विचारलं. ती कोकणातली, मनाने वाईट नव्हती, पण दार सदा उघडं. राधा म्हणाली, "दीर." पुढे कुंडलिक आला की राधा त्याला दारातच मोठ्याने "या भावजी" म्हणायला लागली. पहिल्यांदा तो हसला. नंतर हसेनासा झाला.

"लग्न करू," एकदा तो म्हणाला. "विहारात. नोंदवायचं नाही. कुणाला कळतंय?"

"दर वर्षाला सही करून द्यावी लागते, लग्न केलं नाही म्हणून. खोटी सही करू? पकडलं तर पेन्शनही गेलं अन् घरही."

"मग मी कोण आहे तुझा?"

"तुम्हाला माहीत नाही का?"

"मला माहीत आहे. पण ते कुठे सांगू मी?"

राधाने उठून उघडं दार ओढून घेतलं.

एका मंगळवारी सकाळी कुंडलिक आलेला होता. मीरा शाळेला जायला निघाली होती, राधाची दुपारची पाळी होती. दारावर थाप पडली आणि बाहेरून नलिनीचा आवाज आला, "राधाबाय, विम्याच्या हापिसातून कोण आलेत. चौकशी करतत."

राधाने कुंडलिककडे बघितलं. मग तिची नजर नुसती मोरीकडे गेली. पुढे कित्येक वर्षं तिला वाटायचं, ती नजर तेवढी गेली नसती तर. तो दीर म्हणून तिथेच बसून राहिला असता तरी चाललं असतं. पण तो उठला, चपला हातात घेतल्या आणि मोरीत गेला. दार त्याने स्वतः ओढून घेतलं.

आलेला माणूस तरुण होता, घामाघूम झालेला. वर्षाची पडताळणी, म्हणाला. पाणी मागितलं. राधाने दिलं.

"घरात कोण कोण राहतं?"

"मी आणि मुलगी."

"दुसरं लग्न?"

"नाही."

त्याने लिहिलं. मग मीराच्या दप्तराकडे बघून तो सहज म्हणाला, "कितवीत आहेस गं? बाबा काय करतात?"

मीराने आईकडे बघितलं. मग मोरीच्या बंद दाराकडे. "चौथीत," ती म्हणाली. "मला बाबा नाहीत."

माणूस ओशाळला. लगेच उठला आणि पाण्याबद्दल आभार मानून गेला. मीराही मान खाली घालून शाळेला गेली.

कुंडलिक बाहेर आला तेव्हा त्याच्या पँटचे पाय भिजलेले होते. तो उंबऱ्यावर बसून चपला घालायला लागला.

"चहा टाकते," राधा म्हणाली.

"नको."

"अहो, काय करू मी? सांगा तरी."

"तू काय करणार?" त्याचा आवाज चढला नव्हता. "धोंडिरामला मी ह्या हातांनी मशीनखालून ओढला राधा. त्याच्या पैशावर घर उभं आहे, राहू दे, मला त्याचं काही नाही. पण मी मोरीत उभा राहून पोरीच्या तोंडून ऐकलं. खोकला येत होता तो दाबून धरला. असं नाही जगता येत मला."

तो गेला. महिन्याभराने कळलं की नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात लागला, बहिणीकडे राहतो. राधाला वाटलं, राग उतरला की येईल. दिवाळी झाली, दीड वर्ष गेलं. हप्ते वेळच्या वेळी जात होते. हप्ता, सोसायटीचे पैसे आणि मीराची शाळा यातून उरायचं त्यात डाळ-तांदूळ भागायचा. घरात पंखा नव्हता. पण सगळ्यात वाईट म्हणजे मीरा त्याचं नावच काढत नव्हती. तिला वाटत होतं, आपल्या बोलण्याने काका गेले. हे राधाला मीराने तापाच्या भरात केलेल्या बडबडीतून कळलं.

त्याच आठवड्यात तिने ठरवलं. घर गेलं तर जाऊ दे. विकू, कर्ज फेडू, नाशिकला खोली घेऊ भाड्याने. रजा टाकून, काकांना भेटून येते एवढं मीराला सांगून, तिला नलिनीकडे ठेवून ती एसटीने नाशिकला गेली. पत्ता विचारत विचारत सातपूरच्या चाळीत पोचली.

दार एका बाईने उघडलं. तिशीतली, गळ्यात नवं मंगळसूत्र. आतून कुंडलिक आला आणि जागेवरच थांबला. मग म्हणाला, "या वहिनी. जयभीम. ही लता. ह्या आपल्या धोंडिरामच्या मंडळी, मुंबईच्या."

"बसा ना," लता म्हणाली. "ह्यांच्या तोंडून ऐकलंय तुमचं."

राधा बसली. जवळच एका लग्नाला आले होते, म्हणाली. कुंडलिकने कुणाचं लग्न ते विचारलं नाही. लताने चहा केला, बरोबर चिवडा ठेवला. राधाने दोन्ही संपवलं. निघताना तो कोपऱ्यावरच्या एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आला.

"मीरा कितवीत आहे आता?"

"सहावीत."

"हुशार आहे ती." त्याने रस्त्याकडे बघत म्हटलं. "राधा, मी वाट बघितली असती. पण पंधरा वर्षं कशाच्या नावाने बघायची?"

"मी काही बोलायला आले नव्हते," राधा म्हणाली. एसटी आली, ती चढली.

मुलुंडला पोचायला संध्याकाळ झाली. मीराने नलिनीकडून घरी येऊन भात लावून ठेवला होता, बुडाला लागलेला. राधाने हातपाय धुतले आणि पानं घेतली.

"काका भेटले?"

"भेटले."

मीरा भाताकडे बघत होती. "रागावलेत माझ्यावर?"

"नाही गं. तुला विचारत होते, कितवीत आहेस. हुशार आहे म्हणाले."

"येणार?"

"नाही," राधा म्हणाली आणि तिच्या ताटात करपलेल्या भागाच्या वरचा, पांढरा भात वाढला.