वेगळा पेला

मी भिमाजींच्या घरचा पितळी पेला. बोलायला मलाही येतं, पण दिवसभर चौदा तोंडं लागलेली. सवड मिळणार कधी?

भिमाजी-लंकाबाईंच्या लग्नात आहेर म्हणून मी शेवगावजवळच्या या घरी आलो. पोटावर भिमाजींचं नाव कोरलेलं. वाटलं, एका माणसाचा होऊन राहीन. कसलं काय! रांजणावर बसलो आणि सगळ्यांचाच झालो. पाहुणे निदान मला वर धरून पाणी पितात. घरचे मात्र तोंड लावून. आपल्या माणसाचं उष्टं नसतं म्हणे!

यंदा, बाहत्तर सालच्या थंडीत, धाकटा मुलगा सूर्यभान दुष्काळी कामावरून ताप-खोकला घेऊन आला. घरात थोरली सून विजयमाला बाळंतीण, लेक अवघी वीस दिवसांची. बाळाला बघायला आलेल्या सारा नर्सबाईंनी त्याचा खोकला ऐकला. म्हणाल्या, "लंकामावशी, ह्याचा पेला वेगळा ठेवा. बरा होईपर्यंत ह्यानं बाळंतिणीच्या खोलीत जायचं नाही."

मला हायसं वाटलं. पण लंकाबाईंनी एकच शब्द ऐकला, वेगळा.

"आज पेला येगळा, उद्या चूल येगळी. माझ्या घरात येगळं काय बी व्हनार न्हाई, बाई."

नर्सबाईंची पाठ वळली तशी त्यांनी मला सूर्यभानच्या हातात दिलं आणि त्याच्या तोंडचं उरलेलं पाणी विजयमालाला पाजलं. घरची एकी दाखवायला! मला हात असते तर मी स्वतःच उपडा झालो असतो.

तिसऱ्या दिवशी विजयमाला तापली. मग बाळ. छाती धपापायला लागली, दूध ओढेना. बैलगाडीतून दवाखान्यात नेलं. आठ दिवसांनी ते वाचून घरी आलं, तेव्हा लंकाबाई दारातच बसून रडल्या.

त्याच दिवशी त्यांना कणकण आली. कुणी सांगायच्या आत त्यांनी मला उचललं आणि गोठ्याच्या पडवीत जाऊन बसल्या. "ह्यो पेला आता माझा. कुनी हात लावायचा न्हाई. पोरगी दूध प्याली का, तेवढं लांबून सांगत जा."

जन्मात पहिल्यांदा मी एका माणसाचा झालो. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि आता हे भिमाजी काठी टेकत आलेत. "चाळीस वर्सं एका पेल्यात प्यालो. आता मला येगळं टाकतीस व्हय?" असं म्हणत त्यांनी मला उचललंसुद्धा.

"अवं, ठिवा खाली," लंकाबाई खोकत म्हणतायत.

भिमाजी, पोटावर तुमचंच नाव आहे, कबूल. पण ऐका हो तिचं. पाणी पिऊन तुम्ही इथून उठणार ते थेट पाळण्याकडे जाणार, मला ठाऊक आहे. ठेवा मला खाली.