रिकामा आठवडा

आमच्या कंपनीत वर्षाचे आठवडे तीन प्रकारचे असतात. भरलेले, अर्धे आणि रिकामे. भरलेल्या आठवड्यांसाठी कुणाला काही लिहावं लागत नाही, फोटो छापला की माणसं आपल्या पायांनी चालत येतात. अर्ध्या आठवड्यांना थोडी सवलत पुरते. रिकाम्या आठवड्यांसाठी मला ठेवलेलं आहे.

गेली अकरा वर्षं मी सहलींच्या पुस्तिका लिहिते. पानगळ संपत आलेली, थंडी धड पडलेली नाही, असा जो एक ओलसर, कुणालाच नको असलेला काळ असतो, तो माझ्या वाट्याचा. 'उशिराच्या पानगळीतल्या दहा सहली' हे शीर्षक माझंच. या दहांपैकी सात ठिकाणी मी पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही. माझ्या टेबलासमोर खिडकी आहे आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. तिच्यावरून एक गंजका पाइप खाली येतो. त्या पाइपाकडे बघत मी धबधबे लिहिले आहेत.

कामाची एक रीत असते. हॉटेल अर्धं बंद असेल तर 'शांत' लिहायचं. स्वयंपाकी सुटीवर गेला असेल तर 'साधं, घरगुती जेवण'. समोरचं काहीच दिसत नसेल तर 'धुक्यात हरवलेलं'. साहेब नेहमी बजावतात, खोटं एक अक्षर लिहायचं नाही, उद्या कुणी कोर्टात खेचलं तर? आणि खरंच, अकरा वर्षांत मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही. त्याचा मला अभिमान होता, आता हसू नका.

या दहा सहलींतली सगळ्यात जास्त खपणारी म्हणजे लाल तळं. तळ्याच्या काठाने झाडांची दुहेरी रांग आहे. पानगळ सुरू झाली की वीसेक दिवस ती झाडं अशी लाल होतात की पाणीसुद्धा लाल दिसतं. त्या वीस दिवसांत आम्हाला तिथे एक खोली मिळत नाही, मोठ्या कंपन्यांनी सगळं आधीच धरलेलं असतं. मग पानं गळतात, माणसं जातात, आणि हॉटेलवाला हात जोडून म्हणतो, घ्या हो खोल्या, मागाल त्या भावात घ्या. तो आमचा आठवडा.

तो नेमका कधी येतो हे शोधायचं काम माझ्याकडे होतं. तळ्याकाठच्या बागेत एक माळीकाका आहेत. दरवर्षी त्या सुमाराला मी त्यांना फोन करायची. "काका, शेवटचं पान कधी पडलं?" ते तारीख सांगायचे, अगदी वारासकट. त्यात दोन आठवडे मिळवले की पुढच्या वर्षीच्या सहलीची तारीख तयार. मग पुस्तिकेत वर लालभडक फोटो, त्याच्याखाली माझं वाक्य: 'हा काठ माणसाने आयुष्यात एकदा तरी पाहावा.' वाक्यात 'कधी' हा शब्दच नाही. तारीख खाली, वेगळ्या चौकटीत. तिघांनाही वेगवेगळं विचारलंत तर तिघंही खरंच बोलतात.

आता ताईबद्दल सांगते. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि ताई एकोणीस. ती इस्पितळाच्या लाँड्रीत लागली आणि थेट निवृत्तीलाच बाहेर पडली. चादरी धुवायच्या, वाळवायच्या, इस्त्री करायची, बाराबाराचे गठ्ठे बांधायचे आणि गठ्ठ्यावर चिठ्ठी लावायची. वाफेने तिचे हात कायम लाल आणि सुजलेले. त्या हातांनी तिने माझ्या वेण्या घातल्या, माझ्या फिया भरल्या, मला लिहितं केलं. ती स्वतः कधी कुठे गेली नाही. लग्नही केलं नाही. आधी माझं शिक्षण आडवं आलं, मग वय. मी या नोकरीला लागले तेव्हा तिने अख्ख्या लाँड्रीला सांगितलं, आमची धाकटी जगभरच्या जागांबद्दल लिहिते. माझी प्रत्येक पुस्तिका ती एका फायलीत लावून ठेवायची. टेलिफोनची बिलं मात्र कधी सापडायची नाहीत.

ती निवृत्त झाली त्याच उन्हाळ्यात एका दुपारी तिचा फोन आला. मी दुसऱ्या कानाला छापखानेवाल्याचा फोन लावून बसले होते.

"ऐक ना, मला ते लाल तळं बघायचंय," ती म्हणाली. "गुडघे चालतायत तोवर एकदा जाऊन येते. बाकी मला काही नको. कधी जाऊ, सांग."

"पुस्तिकेत दिलंय ना ताई, वाच की."

"वाचलंय गं. तरी म्हटलं तुला विचारावं. तू लिहिलंयस म्हणजे बरोबरच असणार."

"हो, हो, बरोबर आहे. ठेवू का?"

आणि मी ठेवला. छापखानेवाल्याशी मी त्यानंतर वीस मिनिटं एका रेघेच्या जाडीवरून भांडले. तिच्याशी अर्धं मिनिट बोलायला मला वेळ नव्हता. संध्याकाळी आठवण झाली, पण म्हटलं ती कसली जातेय. आजवर गेली होती का कुठे?

निघायला दहा दिवस राहिले तेव्हा ती दारात उभी. अंगात नवा कोरा लाल कोट, हातात दोन तिकिटं.

"कोट कसा आहे? त्या झाडांना शोभेल म्हणून घेतला. आणि तू पण येतेयस, मी तुझ्या साहेबांना फोन करून रजासुद्धा मागितली."

आदल्याच दिवशी मी माळीकाकांशी बोलले होते. यंदा शेवटचं पान मंगळवारी पडलं होतं.

तेव्हा सांगता आलं असतं. तिकिटं बदलून मिळत नव्हती हे खरं, पण तोंड तर उघडत होतं ना? ताई, जाऊ नको, काही नाही तिथे, पुढच्या वर्षी मी तुला बरोबर नेते. एवढं बोलायला काय लागतं? पण मग तिने विचारलं असतं, तुला कसं माहीत? मी म्हणाले, "छान आहे कोट."

बसमध्ये चाळीस जागा आणि आम्ही चौदाजण. ताई खिडकीशी बसली. पहिल्या तासातच तिने पुढच्या बाकावरच्या निवृत्त मास्तरांना गाठलं आणि पुस्तिका उघडून दाखवली. "हे ही लिहिते हो. माझी धाकटी." मास्तरांनी उठून मला नमस्कार केला. "फार प्रवाही भाषा आहे तुमची. तुमचं वाचूनच तर निघालो," म्हणाले. मला बसच्या चाकाखाली जावंसं वाटलं. ताई मात्र फुलून आली होती. तिने सगळ्यांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. शाळेची सहल निघाली असती तर तिने हेच केलं असतं, फक्त तिच्या शाळेची सहल कधी निघालीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर गेलो.

झाडं उभी होती, दुहेरी रांगेत, काळी आणि उघडी. एक पान नाही. खाली चिखलात भिजून काळवंडलेल्या पाल्याचे ढीग. होड्या उलट्या करून ताडपत्रीखाली बांधलेल्या. चहाची टपरी बंद, तिच्या दाराला साखळी. पाणी राखेच्या रंगाचं.

ताई कोटाची बटणं लावून काठाशी उभी राहिली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग मला हळूच विचारलं, "हे अलीकडचं तळं का गं? आपलं अजून पुढे असेल ना?"

मास्तरांनी पुस्तिका उघडली, फोटो पाहिला, झाडं पाहिली, पुन्हा फोटो पाहिला. "काय हो बाई, हे काय आहे?" त्यांचा आवाज चढला. मागून कुणीतरी म्हणालं, शुद्ध फसवणूक आहे ही. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली.

आणि ताई मध्ये पडली. "अहो, तिच्यावर काय ओरडता? झाडं काय तिच्या हातात आहेत? यंदा वारा जास्त झाला असेल. तिने बिचारीने चांगल्या मनाने लिहिलं." मग माझ्याकडे वळून, "हो ना गं? यंदा लवकर गळली असतील."

"हो," मी म्हणाले. "यंदाच लवकर गळली. दरवेळी या सुमाराला असतात."

दहा वर्षांत बोललेलं माझं पहिलं धडधडीत खोटं. आणि मी ते ताईच्या तोंडावर बोलले.

पाल्याच्या ढिगाशी एक म्हातारा गृहस्थ झाडू घेऊन उभा होता. तो झाडू टेकवून माझ्याकडे बघायला लागला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला.

"बाई, तुम्ही फोनवाल्या बाई ना? आवाज ओळखला मी!" तो लगबगीने पुढे आला. "इतकी वर्षं फोनवरच बोलतोय, आज दर्शन झालं. अहो, या बाई दरवर्षी न चुकता फोन करतात मला. काका, शेवटचं पान कधी पडलं? आताही दोन आठवड्यांपूर्वी केला होता. मी घरी सांगतो, झाडांवर एवढा जीव असलेलं माणूस मी पाहिलं नाही."

मास्तरांनी पुस्तिका मिटली.

"दरवर्षी?" ताईने विचारलं. त्यांना, मला नाही.

"दरवर्षी हो. आठ वर्षं झाली. पानं तर आदल्या महिन्याच्या अखेरीच संपतात, इकडेतिकडे दोन दिवस. यंदाही वेळेवरच संपली." मग त्यांना आमचे चेहरे दिसले असावेत. ते घुटमळले, म्हणाले, "काही चुकलं का माझं?"

"तुमचं काही चुकलं नाही," ताई म्हणाली.

ती बाकावर जाऊन बसली. मी शेजारी बसले आणि बडबडायला लागले. साहेब असे आहेत, कंपनी अशी आहे, खोल्या मिळत नाहीत, सगळेच असं करतात, मी सोडलं तर दुसरं कुणीतरी लिहील. ती पाण्याकडे बघत होती. तशीच म्हणाली, "मी बारा चादरी बांधायचे आणि वर बारा लिहायचे. वॉर्डात कुणी कधी गठ्ठा सोडून मोजला नाही."

"ताई, तसं नाही गं..."

"मी तुला फोन केला होता."

"हो."

"एवढंच सांग. तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो, ताई."

"बरं," ती म्हणाली.

तिने ओरडायला हवं होतं. दोन मुस्काटात दिल्या असत्या तरी चाललं असतं, लहानपणी दिल्या होत्याच की. पण ती नुसती बरं म्हणाली आणि उठून माळीकाकांशी बोलायला गेली. पुष्कळ वेळ दोघं त्या उघड्या झाडांखाली उभी होती. ते वर बोट दाखवून काहीतरी सांगत होते आणि ती मान हलवत होती.

परतीच्या बसमध्ये आमची कंपनी अभिप्रायाचा कागद वाटते. सगळ्यांनी शिव्या लिहिल्या, छापता येणार नाहीत अशा. ताईने चष्मा लावून, नीट सुवाच्य अक्षरात एकच ओळ लिहिली: 'लिहिणाऱ्या बाईंना या जागेची खडान्‌खडा माहिती आहे.' साहेब खूश झाले. म्हणाले, ही ओळ पुढच्या पुस्तिकेत घेऊ. ती माझ्याच हातांनी मी माझ्याच वाक्याखाली बसवली. नोकरी सोडली का, असं तुम्ही विचाराल. नाही सोडली.

त्यानंतर वर्षभर ताई माझ्याशी नीट वागली. आजारी पडले तर डबा घेऊन आली. वाढदिवसाला फोन केला. भांडण असतं तर मिटवता आलं असतं, पण ती भांडलीच नव्हती. फक्त तिने मला काही विचारणं बंद केलं. कुठला डॉक्टर बरा, कुठली बस पकडू, हे कापड लोकरीचं आहे का गं, एवढंसुद्धा नाही. एकदा तिच्याकडे गेले तर फायलीतल्या पुस्तिका काढून टाकलेल्या. तिथे आता टेलिफोनची बिलं होती.

यंदा पुन्हा तो आठवडा आला. मी खिडकीतल्या पाइपाकडे बघत माळीकाकांना फोन लावला.

"बोला बाई! मी वाटच बघत होतो. तुमच्या ताई येऊन गेल्या की."

"कोण?"

"तुमच्या ताई हो. लाल कोटवाल्या. तीन आठवडे झाले. मागच्या वर्षी नंबर घेऊन गेल्या होत्या माझा. यंदा मलाच फोन करून विचारलं, काका, कधी येऊ? म्हटलं, अमक्या दिवशी या. बरोब्बर त्या दिवशी आल्या, चार मैत्रिणींना घेऊन. काठ असा पेटलेला होता म्हणता! दोन दिवस राहिल्या. निघताना रडल्या हो त्या."

"माझ्याबद्दल काही म्हणाल्या?"

"मीच विचारलं ना, बहिणीला नाही आणलंत? तर म्हणाल्या, तिचं काम फोनवर भागतं." माळीकाका हसले. त्यांना त्यातली खोच कळली नव्हती. "हां, तर शेवटचं पान ना? गुरुवारी पडलं, सकाळी. घ्या लिहून."

मी पेनाचं टोपण काढलं आणि लिहून घेतलं.