वरच्यानं प्यायलेला तलाव

“...तलाव वरच्यानं पेला म्हनते. अन् हे सांगतलं कोनं, तर थ्या कुंपनातल्या—”

तेवढ्यात आष्टीची बस चढावर घुरघुरली आणि पुढचं वाक्य धुळीत गेलं. दोन बाया बाजाराला चालल्या होत्या, त्या पुढे निघूनही गेल्या. माझा जीव टांगणीला लागला हो! कुंपणात आम्ही तिघंच. एक लोखंडी खांब, एक पर्जन्यमापक आणि मी. खांब कधी कुणाशी बोलला नाही. पर्जन्यमापकाला पावसाळा सोडला तर कामच नाही. म्हणजे बायांनी नाव माझंच घेतलं होतं.

मी कढई बोलतेय. कागदोपत्री मी बाष्पीभवन पात्र आहे, पण ते नाव घेताना इथल्या निरीक्षकांची, आनंदरावांचीही जीभ अडखळायची. गावानं आल्या दिवशीच माझी ‘हवामानवाल्याची कढई’ केली. तांब्याचं अंग, आतून कल्हई, बाहेरून पांढरा रंग, बसायला लाकडी पाट. डोक्यावर तारेची जाळी, म्हणजे कावळ्याकुत्र्यानं तोंड घालू नये. चूल मी कधी पाहिली नाही. मला तापवणारा वर असतो.

माझं काम सोपं. पोटात एक टोकदार काटा आहे, पाणी त्याच्या टोकाला लागलेलं असलं पाहिजे. रोज सकाळी येऊन आनंदराव पितळी मापानं पाणी भरायचे. जेवढं भरावं लागलं, तेवढं कालपासून हवेनं नेलं. झालं माझं शास्त्र!

आमचा माळ उंचावर. खालच्या अंगाला बायजाचा शिंगाड्याचा तलाव आणि वरच्या अंगाला लक्ष्मणरावांचा संत्र्याचा बगीचा. मधे राहणाऱ्याला दोन्ही घरचं कळतं, त्यात माझा काय दोष?

बायजा रोज कुंपणाशी थांबायची.

“काय गा आनंदरावजी, आज किती पेली तुमची कढई?”

“लई पेली वं बाई.”

“मंग भजे तरी तळा तिच्यात! नुसती पेतच राह्यते.”

हसायची, डोक्यावरची टोपली सावरायची आणि जायची. दसरा-दिवाळीला तिचे उकडलेले शिंगाडे आष्टीच्या बाजारात हातोहात जायचे. त्या तलावावरच ती या माळावर टिकून होती. नवरा गेल्यावर पोरीनं, स्वीटीनं, हिंगणघाटला बोलावलं होतं. बायजा म्हणायची, “तलावात पानी आहे तवरीक मी हलत नाई.”

पण तहान वाढत होती. मी नवी होते तेव्हा मार्गशीर्षात चार घोटांत माझं भागायचं. सकाळी जाळीवर दव असायचं, कधी धुकं दुपार चढेपर्यंत हलायचं नाही. वाऱ्याला जंगलाचा ओलावा असायचा. मग जंगल मागे मागे सरकलं. दव विरळ झालं, मग दिसेनासंच झालं. आता थंडीतसुद्धा चैत्रासारखं भरावं लागतं. पाऊस, आनंदराव म्हणायचे, जवळपास तेवढाच पडतो.

तिथंच तर घोळ झाला. पाऊस तेवढाच, मग पाणी गेलं कुठं? अशा वेळी माणसाला चोर लागतो.

यंदा दसऱ्याआधीच शिंगाड्याची पानं चिखलाला टेकली. बायजा कुंपणाशी आली ती न हसता.

“खरं सांगा भाऊ, माह्या तलावाचं पानी कोन नेऊन राह्यलं?”

आनंदराव वाकून पाणी भरत होते. मान वर न करताच बोलले, “वरचा नेते वं बाई. ह्या कढईलेच इचार.”

त्यांच्या मनातला ‘वरचा’ म्हणजे आभाळ. पण आमच्या माळावर ‘वरचा’ म्हणजे चढावरच्या बगीच्याचा मालक, सगळे त्यांना तसंच म्हणतात. बायजानं चढाकडे पाहिलं. लक्ष्मणरावांच्या बोअरची मोटर धडधडत होती. ती तशीच माघारी फिरली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण कढईला आवाज कुठला?

आठवडी बाजारापर्यंत बातमी पोचली. ज्या भावाला बायजा दर राखीपुनवेला राखी बांधायची, तो चोर ठरला. लक्ष्मणराव तरातरा तलावावर आले.

“काऊन वं बायजा, मले चोर म्हनतं?”

“मी नाई म्हनत. कढईनं सांगतलं.”

“कढईनं? मंग तिलेच पोलीस पाटील करा ना!” मग आवाज खाली आला. “आठ दिवस मोटर बंद ठेवतो. तूच पाह्यजो.”

पाणी किती उतरतं ते पाहायला बायजानं तलावात काठी रोवली. मोटर बंद झाली. मी कुंपणातून डोळे लावून बसले. काठी उघडी पडतच राहिली. मात्र आधीपेक्षा जरा सावकाश.

नवव्या दिवशी तिघं माझ्यापाशीच जमले. आनंदराव ओशाळले होते. “मी म्हनलो थो वरचा आभाळ होता. जास्त तर थेच नेते. पन खालून बोअर बी ओढते, अन् थे पानी झाडं पेतात. मुळानं ओढतात अन् पानातून हवेत सोडून देतात.”

लक्ष्मणरावांनी टोपी काढून हातात घेतली. “म्हंजे थोडासा चोर मी हावोच.”

बायजा बगीच्याकडे पाहत होती. संत्र्याची पानं आठ दिवसांत वळली होती, खाली हिरवी फळं गळून पडलेली.

“मोटर चालू कर भाऊ,” ती म्हणाली. “माह्यं तं गेलंच. तुह्ये झाडं काऊन मारतं?”

दिवाळीपूर्वीच तलावाला भेगा पडल्या. त्याच सुमारास कुंपणात आपोआप मोजणारं यंत्र बसलं. आनंदरावांची बदली झाली. माझ्या तहानेचा हिशेब कुणालाच नको झाला.

हिंगणघाटला निघायच्या सकाळी बायजा बादली घेऊन आली. बादलीत बेण्याचे शिंगाडे. ते पाण्यातच ठेवावे लागतात, सुकले की मेले. तिनं माझी जाळी काढली आणि शिंगाडे हलक्या हातानं माझ्या पोटात सोडले.

“सांभाळजो वं माय,” मला म्हणाली. लक्ष्मणरावांना म्हणाली, “हिच्यात पानी टाकत जाजो भाऊ. तलाव भरला का येईन.”

आयुष्यभर मी पाणी हवेला दिलं आणि ते किती दिलं एवढंच सांगितलं. राखायला कुणी काही दिलं, ते पहिल्यांदाच.

लक्ष्मणराव येत राहिले. त्याच बोअरचं पाणी, बादलीनं. माघात ते म्हणाले, “मोटर आता नुसती हवा फेकून राह्यली.” बादली अर्धी झाली. मग एक दिवसाआड.

आता पाणी काट्याच्या पार खाली गेलंय. वरचे शिंगाडे उघडे पडून काळे झालेत. तळाशी थोडे ओले आहेत. पावसापर्यंत ते टिकतील असं मी म्हणणार नाही, माझं मोजमाप तसं सांगत नाही. तरी वाटेनं जाल तर एखादा तांब्या टाका. तुमच्या तांब्यानं तलाव भरणार नाही, हे मलाही कळतं.

त्या दिवशीच्या बायांनो, अर्धं खरं होतं तुमचं. वरच्यानंच पेला तलाव. पण वरचे दोन होते. एक बादली घेऊन येत होता, तो आज आला नाही. दुसरा सकाळपासून माथ्यावर आहे.