अक्रोडाचा आकडा

आई गेली आणि थोरलीच्या उजव्या खांद्याखाली एक गाठ राहून गेली. सात वर्षं तिनं आईला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर उचललं होतं. आता उचलायला कुणी नव्हतं, तरी खांदा आपला ओझं घेतल्यासारखा वर चढलेला. पडदे शिवताना मान वळेना. मोज्यात टेनिसचा चेंडू घालून ती भिंतीवर पाठ रगडायची. चेंडू गाठीला हुलकावणी देऊन बरगडीकडे निसटायचा.

"मी दाबून देऊ का गं, ताई?" धाकटीनं विचारलं.

"नको बाई. कुणाचा हात लागला तरी अंगावर काटा येतो."

धाकटीचं लाकडाचं कातकाम होतं. खुर्च्यांचे पाय, जिन्याचे कठडे. दुसऱ्या दिवशी तिनं अक्रोडाची काठी वाफेवर मऊ करून छत्रीच्या मुठीसारखी वाकवली आणि टोकाला बसवायला लेथवर एक बोंड कातलं. पहिलं फार टोकदार झालं, दुसरं बोथट. तिसरं तिनं आधी स्वतःच्याच पाठीत रुतवून पाहिलं आणि "अगं आई गं!" म्हणून ओरडली. जमलं होतं.

"हा आकडा खांद्यावरून मागे टाकायचा आणि दांडा दोन्ही हातांनी खाली ओढायचा," ती थोरलीला म्हणाली. "कुणाचा हात लागायला नको." आकडा ठेवून ती कामावर निघून गेली.

दुपारी थोरली अर्धवट शिवलेल्या पांढऱ्या पडद्यांच्या ढिगात जमिनीवरच बसली. बोंड गाठीवर टेकलं. कळ कानापर्यंत गेली, थबकली, आणि मग हळूहळू पसरत पातळ झाली. डोळे जड झाले. खोलीभर पांढरं कापड संथ पाण्यासारखं हलत होतं. तिच्या हातांवर आई होती, पण घडी घातलेल्या चादरीएवढी हलकी.

"ठेव गं खाली. जाते मी माझी माझी," आई म्हणाली. तिनं पाय टेकले, पदर सारखा केला आणि सावकाश पडद्यांमधून खिडकीकडे चालत गेली. थोरलीनं तिला जाऊ दिलं.

जाग आली तेव्हा ऊन मशीनवरून दारापर्यंत सरकलं होतं. दारात धाकटी उभी होती.

"कधी आलीस?"

"मघाशीच. केवढी घोरत होतीस!"

थोरली हसली. मग पाठ तिच्याकडे करून म्हणाली, "मणक्याच्या कडेला जरा राहिलंय. तिथं हे पोचत नाही. तू दाब."

धाकटीचा खरखरीत अंगठा अलगद टेकला. मग मणक्याच्या कडेनं हळूहळू फिरू लागला.

"आईच्या आजारपणात मी नुसती पाहुण्यासारखी येऊन जायचे, ताई."

"हो. यायचीस तशीच," थोरली डोळे मिटूनच म्हणाली. "अजून थोडं खाली."