शेवटची सोळा पानं

घोडेगावच्या आमच्या वाचनालयाची किल्ली सव्वीस वर्षं माझ्याकडे आहे, आणि या सव्वीस वर्षांत मी एकाही पुस्तकाला इजा केली नव्हती. उलट फाटलेली शिवत आले. बाइंडिंगला पुण्याला पाठवायला ना माणूस ना वेळ, म्हणून दाभण, मेण लावलेला दोरा आणि मैद्याची खळ घेऊन मीच बसते. खाली आमचं किराणा दुकान चालतं आणि वर आई खळ चिवडत बसते, यावर माझ्या मुलानं, जिनेशनं, बोलायचं आता सोडून दिलंय.

ती कादंबरी आली ती किशोरांसाठी म्हणून. नाव सांगत नाही, लिहिणारी नवी आहे, तिचं नुकसान कशाला करा. पुण्यातलं एक घर, थोरला मुलगा अपघातात जातो आणि धाकटी बहीण पुढचं सगळं सांगते. मला असली पुस्तकं सहन होत नाहीत. वाचणाऱ्याला रडवायचंच असं ठरवून लिहिलेलं दुसऱ्या पानाला कळतं आणि माझं डोकं फिरतं. कुत्रा उपाशी काय, बंद फोनवर मेसेज काय, खिडकीबाहेर पाऊस काय, सगळं एकदमच. मी चिडत चिडत वाचत होते. मग एका ठिकाणी ती मुलगी जेवायला चुकून चार ताटं काढते, आणि चौथं परत ठेवताना आईला आवाज जाऊ नये म्हणून ओढणीत गुंडाळून ठेवते. तिथे मला रडू आलं, आणि आपल्याला रडू आलं याचाही राग आला.

शेवटच्या प्रकरणात आई अन्नपाणी सोडते, भिंतीकडे तोंड करून निजते आणि जाते. मुलगी दारात उभी. संपलं.

हे पुस्तक प्राचीनं मागितलं तेव्हा मात्र माझा हात थांबला. प्राची दहावीला आहे, डिंभ्याहून एसटीनं शाळेत येते. तिचा भाऊ समर्थ मागच्या दिवाळीनंतर धरणाच्या पाण्यात टायरच्या ट्यूबवर बसून जाळी काढायला गेला तो परत आला नाही. एकोणीस वर्षांचा पोरगा, तिसऱ्या दिवशी सापडला. आई जेवत नाही, असं प्राचीनंच मला एकदा सांगितलं होतं, कपाटाकडे बघत, कुणा दुसऱ्याच्या आईचं सांगावं तसं.

नाही म्हणावं तर पोरगी मैत्रिणीकडून मिळवणार. मी म्हटलं, शिवण सैल झालीय, उद्या ने. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या जुड्या शिवून होतं, छापखान्यात त्याला फर्मा म्हणतात. त्या दुपारी मी शिवण उसवली, शेवटचा फर्मा काढला, बाकीचं पुन्हा शिवलं आणि वरून पुठ्ठा चिकटवला. काढलेली पानं टेबलाच्या खणात रजिस्टरखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी प्राचीला सांगितलं, शेवट छापायचाच राहिलाय, असंच आलंय. इतकं सफाईचं काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि मला त्याचा थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू.

पंधरा दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, प्राचीची आई जिना चढून वर आली. साळुबाईला मी बाजारात ओळखायची, पण ती वाचनालयात कधी आली नव्हती. खुर्ची पुढे केली तरी ती खालीच बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

तिला वाचता येत नाही. चूल पेटली की प्राची रोज तिला हे पुस्तक वाचून दाखवत होती. पोरगी वाचत असते तोवर आपला घास चालतो, ती थांबली की आपलाही थांबतो, म्हणून ती घसा बसला तरी थांबत नाही, असं साळुबाईनं सांगितलं. मी समजत होते पोरगी एकटीच वाचतेय.

पुस्तकाबद्दल साळुबाईच्या तक्रारी पुष्कळ होत्या. त्या मुलाचा शर्ट आईनं वर्षभर कपाटात ठेवला, हे तिला पटलं नव्हतं. त्यांच्यात दहाव्याच्या आत सगळे कपडे देऊन टाकतात, एकही मागं राहत नाही. त्या बाईला रडायला वेगळी खोली आहे, खोलीला आतून कडी आहे, याचं तिला फार नवल वाटलं होतं. तिच्याकडे महिनाभर बाया भेटायला येत होत्या, आणि दर नव्या बाईबरोबर तिला पहिल्यापासून रडावं लागत होतं.

"लिवनारीला काय ठावं न्हाई," ती म्हणाली. "पर त्या ताटाचं खरं हाय."

मग तिनं विचारलं, पुढं काय होतं? प्राचीला सांगितलं होतं तेच मी तिला सांगितलं. तिनं पिशवीतून पुस्तक काढलं, मागून उघडलं आणि शिवणीवरून बोट फिरवलं.

"मी जाळी इनते, बाई. ह्यो दोरा नवा हाय आन् भोकं जुनी. छापनारानं न्हाई, तुमी काढलंय."

माझी नजर खणाकडे गेली.

"समर्थचं तोंड बी मला दावलं न्हाई," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "बगवायचं न्हाई म्हनले. चांगल्यासाटीच केलं समद्यांनी. पर आजून जीव म्हनतो, कोन जानं, दुसऱ्याच कुनाचं पोरगं असंल ते."

मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. मी खण उघडला, रजिस्टर बाजूला केलं आणि पानं काढली. ती म्हणाली, वाचा.

मी वाचलं. ज्या वाक्यांना मी नावं ठेवली होती तीच वाक्यं तिच्यापुढे मोठ्यानं वाचताना माझा आवाज फाटत होता. मध्येच ते उपाशी कुत्रं पुन्हा आलं, ते मी गाळलं नाही. खाली बाजाराचा गलबला चालू होता. आई गेली, मुलगी दारात उभी राहिली, पानं संपली. मी मान वर केली नाही.

"गेली व्हय ती," साळुबाई म्हणाली. मग एकदम रागावली. "मंग त्या पोरीला रातच्याला कुनी वाडलं?"

ते पुस्तकात नाही, मी म्हटलं.

"आसं कसं न्हाई? पोर दारात हुबी हाय आन् पुस्तक संपलं?"

मला तिचा राग पटला. शेवटाबद्दल माझी तक्रार हीच होती, फक्त मला ती इतक्या सरळ कधी सापडली नव्हती. मी पानं गोळा करून पुन्हा खणाकडे नेऊ लागले आणि म्हटलं, निदान प्राचीनं तरी हे वाचू नये. आधीच तिचा जीव तुमच्यात अडकलेला.

साळुबाईनं माझ्या हातातून पानं घेतली, मांडीवर नीट जुळवली आणि पुस्तकाला लावून धरली.

"शिवा. तीच वाचून दावील मला. मी तिच्या म्होरं बसून जेवत आसंन."

मी दाभण घेतलं. पानं हलू नयेत म्हणून ती दोन्ही हातांनी धरून बसली होती. शेवटची गाठ तिनंच मारली, माझी तिला ढिली वाटली.