रबरी चाक आणि गोंधळाचे गाणे

मित्रांनो, मैसूरजवळच्या बोगादीतल्या सामुदायिक रेडिओ केंद्रात, खिडकीखालच्या टेबलावर माझी जागा आहे. मी रेकॉर्ड प्लेअर, वय साठीच्या जवळ. माझे काम दुसऱ्यांचा आवाज ऐकवण्याचे. स्वतःविषयी बोलायची सवय नाही, त्यामुळे हे नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

कारखान्यातले मला काही आठवत नाही. आठवते ते मैसुरातले दुकान. राज्यांच्या हद्दी नव्याने ठरल्या, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मानाजीराव नावाच्या मराठी कारकुनांनी मला घरी नेले, ते एका तबकडीसाठी. त्यांच्या दिवंगत वडिलांनी गायलेले देवीच्या गोंधळाचे गाणे तिच्यावर होते. तशी तबकडी ती एकच उरली होती. घरात लग्न ठरले की मुले माझ्यापुढे मांडी घालून ते गाणे शिकत. पुढे पुढे सगळे म्हणू लागले, "आजोबांचा आवाज कसा खर्जातला, संथ!" मला फार बरे वाटे.

मानाजीराव गेल्यावर मी बारा वर्षे कपाटावर होतो, अंगावर जुन्या साडीचा तुकडा. मग त्यांची मुलगी रुक्मिणीबाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि मला या केंद्रात घेऊन आल्या. दर गुरुवारी सकाळी त्या तासभर गाणी लावतात. कार्यक्रमाचे नाव 'बेरके सोप्पु'. बाजारात दहा तऱ्हेची पाने एकत्र करून जी पालेभाजी विकतात, तिचे हे कन्नड नाव. एका तासात नागस्वर, लग्नाचा बॅण्ड, आफ्रिकेतले ढोल, कोणाच्या तरी आजीची ओवी. असला शेजार मला कधी लाभला नव्हता.

एकदा केंद्रातल्या वेंकटेशने मला उघडले. तबकडीला फिरवणारे माझे रबरी चाक झिजून गुळगुळीत झाले होते. त्याने नवे बसवले. त्या गुरुवारी बाईंनी आजोबांची तबकडी लावली आणि भलताच आवाज निघाला. पातळ, भरभर, उड्या मारणारा.

लगेच फोन वाजला, बाईंनी तो स्पीकरवर घेतला. मैसुरातल्या विजयनगर भागातून त्यांचे थोरले भाऊ खंडोजीराव बोलत होते.

"काय गं रुक्मिणी, आजोबांची बस चुकत होती काय?"

"अय्यो अण्णा, या वेंकटेशने मशीन बिघडवलं!" बाई त्याच्याकडे वळल्या. "वेंकटेश, जुनं चाक आत्ताच्या आत्ता बसव. एकच तबकडी आहे रे आमची. यातून आजोबाच गेले बघ."

"सरी इदे, मेडम. बरोबर आहे. वेग मोजलाय मी," वेंकटेश पुटपुटला. पण त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला.

मला सगळे कळले होते. बिघडलो होतो तो आधी. चाक झिजत गेले तसा मी मंदावत गेलो आणि दोन पिढ्यांना चुकीचे शिकवले. पण हे सांगणार कोणाला?

तेवढ्यात फोनवर खुडबूड झाली.

"ए खंडू, सुम्ने बस, गप्प. दे इकडे." या भवानीबाई, मानाजीरावांची बहीण, वय नव्वद. सोळाव्या वर्षी लग्न होऊन त्या बेट्टदपुरला गेल्या, आता भाच्याकडे राहायला आल्या होत्या. "रुक्मिणी, त्याला हात लावू नको. हे माझे अप्पा. अस्सेच म्हणायचे. संबळवाल्याला धाप लागायची."

"पण आत्या, लग्नांत आम्ही सगळे हळू म्हणतो. तुम्ही ऐकलंय."

"ऐकलंय की. वाटलं, ही तुमची नवी तऱ्हा. देवीला जागवताय की झोपवताय, कळायचं नाही."

"मग बोलला का नाही?"

"कोणी विचारलं?"

वेंकटेशने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"आत्या, परत लावू?"

"लाव की."

जुने चाक बाई घरी घेऊन गेल्या. त्यांचे वडील मानाजीराव त्याच चाकाच्या लयीत गायले होते. पुढच्या लग्नात मात्र भवानीबाई पुढे बसल्या, टाळ्यांनी लय दाखवली, आणि पोरांना धाप लागली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे काही असेल तर धूळ पुसा, झिजलेले चाक बदला. पण माझ्यावर पुरता भरवसा ठेवू नका. तो आवाज समोर बसून ऐकलेले एखादे माणूस घरात असेल, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा. आजच विचारा. मला काय, उद्याही लावता येईल.