हातोडा आणि डावखुरा

बॉबिन घरंगळत टेबलाच्या कडेला गेलं आणि खडूच्या रेघेवर थांबलं — म्हणजे हातोडा रिंगणाच्या दोराला टेकला, आता कुठे पळतोस, असं त्याने मनाशी म्हटलं आणि सवयीने मान वर केली, समोरून शिवी येईल म्हणून. समोरच्या, भागीदाराच्या मशीनवर कापड टाकलेलं होतं.

शिवणाचं दुकान दोघांचं. कापायचं भागीदाराने, शिवायचं दोघांनी. आणि दुपारी डबे खाऊन झाले की कापायच्या टेबलावर खडूने चौकोन आखायचा, तेच मुष्टियुद्धाचं रिंगण. बॉबिन हा भागीदाराचा हातोडा, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं पत्र्याचं टोपण हा याचा डावखुरा. दोघेही मुष्टियोद्धे यांच्या पोरवयातले, रेडिओवर ऐकलेले, आणि एकमेकांशी कधीच न लढलेले — हातोड्याने हातमोजे खुंटीला टांगले तेव्हा डावखुरा नुकता रिंगणात उतरत होता. म्हणून तर भांडण टिकलं. नियम एकच, हार मानायची नाही.

"नाचतो रे नुसता तुझा डावखुरा! घुंगरू बांध त्याच्या पायात."

"नाचेना का! तुझ्या हातोड्याला तिसऱ्या फेरीत धाप लागते, जिना चढल्यासारखी."

त्याला आठवलं... रविवारी भागीदाराच्या उशाशी बसलो होतो. उजवा हात, कात्री धरायचा, झटक्यानंतर कुणीतरी उशीवर ठेवून विसरून गेल्यासारखा. तरी सुरुवात त्यानेच केली, जड जिभेने, "तुझा... दुसऱ्याच... फेरीत... आडवा." आणि मी — काय बोलून गेलो — "हो रे. हातोडाच जिंकला असता." वहिनी औषध ओतता ओतता थांबल्या.  तो म्हणाला, "एवढं वाईट आहे का माझं?"

आज सकाळी वहिनींचा फोन आला. "भावजी, हे कुणाशी बोलतच नाहीत हो. ताट तसंच परत येतंय. संध्याकाळी या, आणि जरा भांडा त्यांच्याशी."

म्हणून आज दुकानात काज करताना, बटणं लावताना तो भांडणाचे मुद्दे जमवत होता. टोपण पुढे सरकवायचं, मागे घ्यायचं, बॉबिन अंगावर आणायचं... दोन्ही बाजू पहिल्यांदाच त्याच्या एकट्याच्या हातात होत्या, आणि लबाडी न करता सरकवताना त्याला दिसलं — डावखुरा मागे हटताना उजवा हात खाली सोडतो. रेडिओवरचा निवेदकही तेच ओरडायचा. आपण ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्या हातावरून ठोसा येणारच. हातोडाच जिंकला असता. खरोखर.

म्हणजे रविवारी दया म्हणून बोललो ते खरंच होतं, आणि हे ज्याला सांगावं असा माणूस एकच, आणि तो ती दयाच समजणार. डावखुराच जिंकला असता असं खोटं बोललो तरच आपण त्याला बरोबरीचे वाटू...

त्याने मशीनवरचं कापड उगाच नीट केलं, टोपण खिशात टाकलं आणि शटर ओढलं. "धाप लागते तुझ्या हातोड्याला," त्याने चालता चालता म्हणून पाहिलं. फार गोड झालं. परत म्हटलं, चढ्या आवाजात. पुढे चाललेली बाई दचकून बाजूला झाली. या वेळी आवाजात राग होता, अगदी खरा. तो कुणावरचा, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. भागीदाराच्या घराचा जिना येईपर्यंत तो राग विझू नये म्हणून मात्र भराभर चालू लागला.